‘मॅडम, माझं कन्व्हर्जन कमी पडतंय’ : एका तरुण फिजिशियनला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. एम.डी. मेडिसिन होऊन दीड वर्ष झालेला एक डॉक्टर पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात ज्युनिअर कन्सल्टंट आहे. ओपीडी बरी चालते. पण दर महिन्याच्या रिव्ह्यूत त्याच्या नावापुढे लाल रंग येतो, कारण ‘कन्व्हर्जन’, म्हणजे ओपीडीतून अ‍ॅडमिट होणाऱ्यांचं प्रमाण, कमी आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने ३४ वर्षांच्या एका डेंग्यूच्या पेशंटला प्लेटलेट ९२ हजार असताना घरी पाठवलं. तो दुसऱ्या दिवशी समोरच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाला आणि युनिट हेडने विचारलं, “आपल्याकडे का नाही?” मार्चमध्ये मिनिमम गॅरंटी, म्हणजे पेशंट कितीही असले तरी सुरुवातीला हॉस्पिटल देतं ती ठरलेली किमान रक्कम, संपतेय, घराचा हप्ता चालू आहे. पेशंटशी प्रामाणिक राहून ही नोकरी टिकवता येईल का, आणि नाही तर जायचं कुठे, असं तो विचारतो.

तुला ‘तू’ म्हणते, माझे रेसिडेंट तुझ्याच वयाचे आहेत. मी २७ वर्षं मेडिसिन करतेय. पहिली सहा सरकारी मेडिकल कॉलेजात गेली, मग अकरा एका साखळी हॉस्पिटलात, आणि गेली दहा वर्षं स्वतःचा दवाखाना अधिक एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सकाळची ओपीडी. म्हणजे तो लाल रंग मी पाहिलेला आहे. आमच्या वेळी प्रिंटआउट असायचा आणि तो प्रत्येकाच्या पुढ्यात उलटा ठेवत, सभ्यपणा म्हणून.

आधी तुझा डेंग्यूचा पेशंट. रक्तस्राव नाही, सारख्या उलट्या नाहीत, पोटात दुखत नाही, हिमॅटोक्रिट (रक्ताच्या दाटपणाचं माप) चढलेलं नाही, तोंडाने पाणी जातंय, लघवी होतेय, घरी बघायला माणूस आहे. एवढं पाहून पाठवलं असशील तर बरोबर केलंस. डेंग्यूत माणूस हातचा जातो तो बहुतेकदा प्लेटलेटमुळे जात नाही. केशवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतो, रक्तदाब कोसळतो, आणि हे नेमकं ताप उतरायला लागला की होतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट १० हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायचीही गरज नसते. हे तुला पाठ आहे. तुझ्या युनिट हेडला नाही, आणि पेशंटच्या मेहुण्याला तर मुळीच नाही. त्याच्या लेखी डेंग्यू म्हणजे प्लेटलेट, आणि प्लेटलेट म्हणजे पपईच्या पानांचा रस.

पण एक विचारते. दुसऱ्या दिवशीचा सीबीसी, रक्तपेशींची तपासणी, लिहून दिला होतास? ‘ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नका, खरं जपायचं तेव्हाच’ हे त्याच्या बायकोला सांगितलं होतंस? संध्याकाळी कुणाचा फोन गेला? तुझ्या प्रश्नात यातलं काही नाही, म्हणून विचारतेय. घरी पाठवणं हाही उपचारच, आणि त्यालाही राउंड लागतो. तो न मिळाल्याने माणूस घाबरून समोर गेला असेल तर त्यात युनिट हेडचा दोष शून्य.

आता मुद्द्याचं. तुझ्या रिव्ह्यूच्या शीटवर ‘परफॉर्मन्स’ या एका शब्दाखाली दोन वेगळी दडपणं कोंबलेली आहेत. एक घड्याळाचं: तासाला किती पेशंट, डिस्चार्ज समरी किती वाजता, बेड किती वेळात रिकामा. दुसरं गल्ल्याचं: किती अ‍ॅडमिट केले, किती तपासण्या लिहिल्या, एका भरलेल्या बेडमागे रोजचं उत्पन्न किती. पहिल्याशी जुळवून घेता येतं, घ्यावंही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा वेळ हाही पेशंटचाच हक्क आहे. दुसऱ्याशी जुळवून घ्यायला जाऊ नकोस. माझ्या पाहण्यातले बरेच चांगले डॉक्टर इथेच गोंधळले. त्यांनी दोन्हींना एकच शत्रू मानलं. ओपीडीत तीस तीस मिनिटं घालवून ‘मी बघा पेशंटला वेळ देतो’ म्हणाले, त्यापायी व्यवस्थापनाच्या नजरेतून उतरले, आणि मग अपराधी वाटून अ‍ॅडमिशनचा आकडा भरून काढू लागले.

गल्ला कधी समोरच्या दाराने येत नाही. “धडधाकट माणसाला अ‍ॅडमिट करा” असं मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही. तो येतो अधल्यामधल्या पेशंटच्या आडून. ताप १०१, सीआरपी (संसर्ग-सूज दाखवणारी रक्ततपासणी) थोडा वाढलेला, वय ६२, मधुमेह आहे पण आटोक्यात. घरी पाठवलं तरी चालेल, ठेवलं तरी चुकीचं म्हणता येणार नाही. अशा पेशंटबद्दल पहिल्या महिन्यात तू म्हणशील, ‘उद्या दाखवा.’ दोन लाल शेऱ्यांनंतर म्हणशील, ‘एक दिवस ऑब्झर्व्हेशनला ठेवू.’ सहा महिन्यांनी ‘वय आहे, शुगर आहे, रिस्क कशाला घ्यायची’ हे वाक्य आपोआप तोंडी येईल, आणि वाईट गोष्ट ही की ते तुला मनापासून खरं वाटेल. खोटं बोलणारा डॉक्टर सापडतो. ज्याचं इंडिकेशनच, म्हणजे अ‍ॅडमिट कधी करायचं याची वैद्यकीय रेषाच, सरकलंय त्याला स्वतःलाही सापडत नाही.

मला ते कसं कळलं सांगते. एका रविवारी मी माझ्या मागच्या तीन महिन्यांच्या तापाच्या अ‍ॅडमिशन काढल्या आणि प्रत्येक केसपेपरवर एकच पाहिलं: पहिल्या दिवशी शिरेतून असं काय दिलं जे तोंडाने देता आलं नसतं? निम्म्याहून जास्त पानांवर सलाईन, पँटोप्राझॉल आणि पॅरासिटामॉल. माझ्याच अक्षरात. त्यानंतर मी सवय लावून घेतली ती आजतागायत आहे. अ‍ॅडमिशन नोटच्या पहिल्या ओळीत कारण लिहायचं, निदान नव्हे. ‘व्हायरल फिव्हर’ असं लिहायचं नाही. ‘तोंडाने काही टिकत नाही, लघवी सकाळपासून एकदाच, सलाईनसाठी’ असं लिहायचं. ही ओळ पेशंटच्या मुलासमोर मोठ्याने वाचायची. वाचताना जीभ अडखळली की समजायचं.

आता याची दुसरी बाजू, जी तुझ्यासारख्या सरळ मुलांना कुणी सांगत नाही.

त्या रविवारानंतर मी फार शुद्ध झाले. तपासण्या कमी, अ‍ॅडमिशन कमी, आणि त्याचा एक छुपा अभिमान. असंच एकदा संध्याकाळी ५८ वर्षांच्या बाई आल्या. मधुमेह, सकाळपासून पोटाच्या वरच्या भागात जळजळ, जबडा जड वाटतोय, थोडा घाम. ईसीजी ठीक. ट्रोपोनिन, हार्ट अटॅकची रक्ततपासणी, निगेटिव्ह. त्रास सुरू होऊन किती तास झाले हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नक्की सांगता येत नाही, कामात होते.” नियम सरळ आहे: अशा वेळी काही तासांनी ट्रोपोनिन परत करायचं, तोवर पेशंटला नजरेआड करायचं नाही. बाया आणि मधुमेही यांचा हार्ट अटॅक पुस्तकाबरहुकूम छाती धरून येत नाही, हे मी दर बॅचला शिकवत होते. पण त्या दिवशी डोक्यात चाललं होतं ते ‘उगाच चार तास ठेवून बिल कशाला वाढवायचं’. अ‍ॅसिडिटीचं औषध देऊन घरी पाठवलं. रात्री दोनला त्या परत आल्या. वाचल्या, पण हृदयाचा जो भाग गेला तो गेला. हॉस्पिटलने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांच्या यजमानांनी उलट आभार मानले, आणि ते आभार अजून टोचतात.

तेव्हा ‘हे लिहिल्याने हॉस्पिटलला फायदा होईल का’ हा विचार, होकारार्थी असो वा नकारार्थी, तपासणीच्या टेबलाशी आला की तुझा निर्णय बिघडला. हॉस्पिटलच्या हावेविरुद्ध लढताना पेशंटला ढाल करू नये.

आता घड्याळ. इथे मी तुला पुष्कळ काही देऊ शकते.

जगातल्या ६७ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ मध्ये एक आढावा निघाला होता: प्राथमिक पातळीवर डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. हे वाचून आपण उसासे टाकतो, पण माझ्या रोजच्या कामात बदल घडवला तो दुसऱ्याच दोन आकड्यांनी. १९८४ मध्ये अमेरिकेत मोजलं गेलं की पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतो. आणि २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे उलटं मोजलं: डॉक्टरांना सांगितलं, तोडू नका, बोलू द्या. पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलून आपणहून थांबले. ३३५ जणांपैकी पाच मिनिटांच्या वर गेले फक्त सात, आणि त्या सातांकडे सांगण्यासारखं खरंच होतं, असं त्यांच्या डॉक्टरांनीच म्हटलं.

मी हे माझ्या ओपीडीत करून पाहिलं. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही, सोबत मुलगा, सून, कधी शेजारीही असतात, आणि त्या प्रत्येकाची स्वतःची एक केस हिस्टरी असते. तरीही दीड-दोन मिनिटं गप्प बसल्याने माझी ओपीडी लांबली नाही, आखडली. कारण वेळ खातं ते शेवटचं ‘आणि डॉक्टर, अजून एक...’. दाराच्या कडीला हात घालून पेशंट म्हणतो, “रात्री श्वास लागतो थोडा.” मग परत बसवा, परत स्टेथोस्कोप लावा. पहिल्या दोन मिनिटांत तो बोलला असता.

वेळ वाचवायचा तर खोलीच्या बाहेर वाचव. वजन, बीपी, साखर पेशंट आत येण्याआधी कागदावर हवी. फॉलोअपच्या पेशंटला ‘गोळ्यांची पिशवी घेऊन या’ असं रिसेप्शनवरून आदल्या दिवशी कळवायचं. ‘ती छोटी पांढरी गोळी’ ओळखण्यात माझी किती वर्षं गेली याचा हिशेब नाही. मधुमेहाचा आहार, इन्सुलिन कसं टोचायचं, डेंग्यूत घरी काय बघायचं हे मराठीत मोठ्या अक्षरात छापून ठेव, आणि देताना महत्त्वाच्या दोन ओळींखाली पेनाने रेघ मार. छापील कागद कुणी वाचत नाही, डॉक्टरने रेघ मारलेला वाचतात. कॉम्प्युटरवर टाइप करणारी मुलगी मिळत असेल तर मागून घे. पेशंटकडे पाठ करून स्क्रीनकडे बघणाऱ्या डॉक्टरने दहा मिनिटं दिली तरी ती पेशंटच्या खात्यात जमा होत नाहीत.

आणि काही ठिकाणी घाई करायचीच नाही. नव्याने धाप लागणारा म्हातारा माणूस. पोटात दुखणारी तरुण बाई, जिला पाळीची तारीख विचारलेली नाही. एकाच आठवड्यात त्याच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आलेला पेशंट. यांच्यासाठी मागची रांग थांबेल. बाहेर येऊन तू स्वतः सांगितलंस की आत एक आजारी माणूस आहे, उशीर होईल, तर पुण्यातली माणसंही ऐकतात. (कुरकुरतात, पण ऐकतात.)

तुझ्या शीटवर नसलेला एक आकडा आहे, तो सिस्टरांचा. डॉक्टरची कार्यक्षमता बऱ्याचदा सिस्टरांच्या पाठीवर उभी असते. तू झटपट दहा अ‍ॅडमिट केलेस तरी रात्री वॉर्डात दोनच सिस्टर आणि एक मावशी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॉस्पिटलांचा २००२ चा अभ्यास आहे: सर्जरीच्या पेशंटांत एका नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे एका नर्सकडे किती पेशंट असतात ते तुला रात्रीच्या राउंडला दिसतंच. गरज नसलेली अ‍ॅडमिशन निरुपद्रवी असते हा समज त्यामुळे खोटा. बेड नंबर १२ वर उगाच ठेवलेल्या तापाच्या पेशंटचं सलाईन बदलायला सिस्टर गेली, त्या दहा मिनिटांत बेड नंबर ४ चं सॅच्युरेशन कुणी पाहिलं नाही. बिल १२ नंबरला जातं, किंमत ४ नंबर मोजतो. कुठला डॉक्टर का अ‍ॅडमिट करतो हे सिस्टरांना बरोबर कळतं. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत जा. माझा तरी सर्वांत खरा रिव्ह्यू तिथे व्हायचा.

आता मीटिंग. तिथे नीतीवर भाषण देऊ नकोस. युनिट हेड एमबीए केलेला, तुझ्याच वयाचा मुलगा असेल आणि त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसलेला आहे. तो आकड्यांत बोलतो, तर तूही आकडेच घेऊन जा, पण तुझे. महिन्यात ओपीडीतून घरी पाठवलेल्यांपैकी ७२ तासांत किती जण परत आले? डिस्चार्ज केलेल्यांपैकी महिन्याभरात किती परत भरती झाले? फॉलोअपला किती टक्के तुझ्याकडेच येतात? नवीन पेशंट कुणाच्या सांगण्यावरून आले, दुसऱ्या पेशंटच्या की मार्केटिंगच्या? एका साध्या वहीत दोन महिने टिपून ठेवलंस तरी पुरे. माझं कन्व्हर्जन विभागात सगळ्यात कमी होतं, पण जुने पेशंट टिकण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि हे मी दाखवेपर्यंत कुणी मोजलेलंच नव्हतं. त्याने लाल रंग हिरवा झाला नाही. पिवळा झाला. त्यावर मी आणखी सात वर्षं काढली.

दुसरं, अ‍ॅडमिशनचे निकष लेखी कर. डेंग्यू, न्यूमोनिया, गॅस्ट्रो, साखर वाढलेली, या चार-पाच गोष्टींसाठी अर्ध्या पानाचे निकष लिहून विभागात सगळ्यांच्या सह्या घे. मग प्रश्न ‘तू का नाही केलं’ असा उरत नाही, ‘निकषात बसत होतं का’ असा होतो. आणि तोंडी दडपण आलं की त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाक: “आज आपण म्हणालात की तापाचे पेशंट जास्त अ‍ॅडमिट व्हायला हवेत. मी सोबतच्या निकषांप्रमाणे अ‍ॅडमिट करतो. त्यात बदल हवा असेल तर लेखी कळवावे.” तसं लेखी उत्तर मला कधीच आलं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण वेळेला उपयोगी पडतं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं दोन्ही निषिद्ध आहे. २०२३ मध्ये नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालू राहिली. पेशंटने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची हेही तिच्यातच आहे. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. तुझ्या हॉस्पिटलात ती सनद कुठे लावली आहे ते एकदा बघून ठेव. आणि समीरा कोहली खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल मुळातून वाच. तपासणीसाठी घेतलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, आणि पेशंट स्वतः संमती द्यायला समर्थ असताना, तातडी नसताना, भुलीखाली असलेल्या मुलीच्या आईची सही पुरत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. नातेवाइकांच्या घोळक्यात सही उरकणाऱ्या आपल्या पद्धतीला तो निकाल नेमका लागू पडतो.

एक दडपण पेशंटकडून येतं, आणि त्यावर आपण बोलत नाही. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत २४ तास भरती असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. म्हणून शहाणासुरता माणूस येऊन म्हणतो, “डॉक्टर, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा ना, सगळे रिपोर्ट क्लेममध्ये निघतील.” हॉस्पिटल खूश, पेशंट खूश, टीपीए डेस्कवरची, म्हणजे विम्याचे क्लेम बघणारी, मुलगीही खूश. तूच तेवढा नकोसा. मी सांगायचे, “हप्ता तुमचा आहे, पण खोटी सही माझी होईल.” निम्मे हसून जायचे, निम्मे चिडून. चिडलेल्यांपैकी काही वर्षा-दोन वर्षांनी खऱ्या आजारात परत आले.

आता तुझा शेवटचा प्रश्न, जायचं कुठे. दडपण नसलेली जागा शोधत असशील तर शोधू नकोस. सरकारी रुग्णालयात गल्ला नाही पण घड्याळ अक्राळविक्राळ. सकाळच्या ओपीडीत शंभरच्या वर पेशंट पाहिलेत मी, आणि त्यातल्या काहींना पाहिलं असं म्हणणं धाडसाचं ठरेल. ट्रस्टमध्ये आणि सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजवर दडपण उलट्या दिशेने येतं: पॅकेजचे पैसे ठरलेले, म्हणून लवकर डिस्चार्ज कर, स्वस्तातलं वापर. न गेलेला ताप घेऊन पेशंट घरी जातो. आणि सरकारी म्हणजे निर्दोष असंही नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या सरकारी हॉस्पिटलात २००५ ते २००९ या काळात पेशंटांचे भयंकर हाल झाले. तिथे नफा नव्हता. जमाखर्च जुळवून वरचा दर्जा मिळवायचा होता, त्यासाठी माणसं कमी केली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला, २९० शिफारशी होत्या. आकडा पैशाचा असो की वेळेचा, त्याच्यामागे पेशंट दिसेनासा झाला की तेच होतं.

गल्ला मोकाट सुटला की काय होतं यासाठी मात्र दूर जायला नको. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मुकादमाचा दंड, पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, पाण्याची आणि संडासाची सोय नाही, आणि अंगावर पांढरं जातंय म्हटल्यावर कॅन्सरची भीती घालणारे काही डॉक्टर, असं सगळं तिथे एकत्र आलं. त्या डॉक्टरांनीही पहिली केस अधल्यामधलीच केली असणार, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून जागेपेक्षा तीन गोष्टी बघ, ज्या दिसल्या की मात्र त्या नोकरीत थांबायचं नाही. तुझ्या नावावर तुला न विचारता कुणी अ‍ॅडमिशन किंवा प्रोसिजर टाकली. तू लिहिलेली नोंद बदलली गेली. बाहेरच्या डॉक्टरांना ‘रेफरल फी’चं पाकीट तुझ्या हातून जायला हवं असं सुचवलं गेलं. मी सोडलं ते दुसऱ्या कारणासाठी. सोडताना मला कुणी अडवलं नाही, त्याचं थोडं वाईटही वाटलं.

आणि हप्ता. नीतीच्या गप्पांत कुणी हा विषय काढत नाही, पण माझ्या बरोबरीच्या ज्यांचं इंडिकेशन सरकलं त्यांच्यातल्या बहुतेकांचं आधी घर मोठं झालं होतं. मिनिमम गॅरंटीच्या आकड्यावर कर्ज काढू नये. तो पगार नसतो, ती दोन वर्षांची उधारी असते, आणि वसुली नंतर टक्केवारीत होते. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला पडेपर्यंत गाडी बदलू नकोस. तेवढे पैसे बँकेत असलेला डॉक्टर रिव्ह्यू मीटिंगमध्ये जरा वेगळाच बसतो, पाठ टेकून.

मार्चमध्ये नवा करार पुढ्यात येईल तेव्हा एवढंच माग: बदलता भाग ओपीडीच्या संख्येवर, फॉलोअपवर, डिस्चार्जच्या वेळेवर ठेवा, अ‍ॅडमिशन आणि तपासण्यांवर नको. घड्याळाचं सगळं कबूल करायला तू तयार आहेस हे आधी सांग, मग दुसरं काढायला सांग. बहुधा म्हणतील की फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे, बदलता येत नाही. मग त्यांना विचार की अ‍ॅडमिशनचा तो रकाना कशासाठी आहे, आणि ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नकोस. ९२ सेकंद थांब.